मॉवर कुठे ठेवायचा

रेडमंडच्या बाहेर सव्वा एकरात त्यांचं घर. गवत कापायचं काम मृणालिनीचं आणि मॉवरची हिवाळ्याची सोय लावायचं काम चारुदत्तचं, ही वाटणी एकोणीस वर्षांची होती. मॉवर बसून चालवायचा, छोट्या ट्रॅक्टरसारखा. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावरही जो तो तिला कामाला लावायला टपलेला असे, पण मॉवरवरच्या त्या दोन तासांत तिला कोणाची हाकच ऐकू येत नसे. त्या खडखडणाऱ्या यंत्रावर घरातल्या माणसांपेक्षा आपला जास्त जीव आहे, असं ती उघड म्हणायची.

चारुदत्त इंजिनिअर. हिवाळ्याची तयारी म्हणजे त्याचा सोहळाच असायचा, आणि त्याची लॅमिनेट केलेली यादी होती. पेट्रोल नासू नये म्हणून टाकीत औषध घालायचं, ते सगळीकडे पोचावं म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, ऑइल बदलायचं, पात्यांखालचं गवत खरवडायचं, बॅटरी काढून घरात आणायची. उंदरांनी आत संसार थाटू नये म्हणून धुराच्या नळीत तारेची घासणी कोंबायची. यातलं एक राहिलं तर त्याला जेवण गोड लागत नसे.

यंदा दसऱ्यानंतरच्या शनिवारी पाऊस जरा थांबला, तसा त्यानं मॉवर शेडमधून बाहेर काढला. चकचकीत धुतला, पुसला आणि चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले. औषधाची बाटली मात्र जागची हलली नाही.

"औषध नाही घातलंस?" तिनं विचारलं.

"घालू गं नंतर. घाई काय आहे?"

चहातली साखरसुद्धा मोजून घालणाऱ्या माणसाच्या तोंडी 'घाई काय आहे'! तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. तो आला नाही, याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

रविवारी सकाळी दारात ट्रेलर जोडलेली गाडी थांबली. उतरली ती राधिका, चारुदत्तच्या जुन्या ऑफिसातली नागपूरची मुलगी. तिनं नुकतंच घर घेतलं होतं.

"काकू, कॉन्ग्रॅट्स! काका म्हणाले, स्प्रिंगमध्ये तुम्ही प्लेनोला शिफ्ट होताय, सौमित्रदादाजवळ. आणि मॉवर मला देताय, सो स्वीट यार!"

मृणालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दारात आलेल्या माणसासमोर भांडायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिनं राधिकाला बसवलं, चहासाठी आलं ठेचलं, गरजेपेक्षा बऱ्याच जोरानं ठेचलं, आणि चिवड्याची बशी पुढे ठेवली. चारुदत्त त्या बशीकडेच पाहत राहिला. राधिका काही दूधखुळी नव्हती. अर्धा कप चहा झाल्यावर "काकू, मी नंतर कधीतरी येते" म्हणत ती रिकामा ट्रेलर घेऊन निघून गेली.

ट्रेलर वळणापलीकडे जाईपर्यंत मृणालिनीनं दम धरला.

"घर विकतोयस?"

"अजून कुठे विकलंय? एजंटच्या कागदावर मी सही केलीय, तुझी तेवढी राहिलीय."

"तेवढी!"

"अगं, तुझ्या गुडघ्यासाठीच करतोय. तिथे जिना नाही, गवत कापायला लोक येतात..."

"माझा गुडघा तुझ्याकडे तक्रार घेऊन आला होता?"

तिनं मुलाला, सौमित्रला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, लिसन, यात चिडण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "उर्वीला स्कूलमधून पिकअप करायला तू असशील, म्हणून आम्ही पुढच्या वर्षीचं तिचं स्कूलनंतरचं डेकेअर कॅन्सल केलंय."

"मी असेन, हे कोणी सांगितलं?"

"बाबांनी. जूनमध्येच. म्हणाले, आई तयार आहे."

जूनमध्ये! म्हणजे चार महिने हा माणूस रोज तिच्यासमोर बसून चहा पीत होता. तिनं फोन बंद केला.

"धडधडीत खोटं बोललास तू."

"खोटं काय त्यात? शेवटी तू हो म्हणतेसच. शुगर लँड सोडून इथे येतानाही आधी नाहीच म्हणाली होतीस."

हे तो अगदी सहज बोलला, तिला चिडवायचा त्याचा हेतूही नव्हता. शुगर लँडला तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, बारा वर्षं उभं केलेलं. ते सोडताना ती तीन दिवस रडली होती आणि चौथ्या दिवशी तिनं खोकी भरायला घेतली होती. त्याच्या लक्षात तेवढा चौथा दिवस राहिला होता.

ती उठली. त्याच्या गाडीची किल्ली घेऊन तिनं गाडी गॅरेजमधून बाहेर काढली आणि सरळ पावसात उभी केली. मॉवरच्या टाकीत औषध ओतलं, बाहेरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि मॉवर चालवत गाडीच्या जागी आणून उभा केला.

"अगं, शेडमध्ये ठेव ना नेहमीसारखा," चारुदत्त म्हणाला.

"शेडमधून कोण कधी घेऊन जाईल, भरवसा नाही."

"आणि माझी गाडी?"

"भिजेल."

ती पाना घेऊन बॅटरी सोडवायला वाकली. गुडघा ठणकत होता, पण त्याच्यासमोर तिनं हूं की चूं केलं नाही. तो दारातून पुढे आला.

"मिनू, म्हणजे तू येणारच नाहीस? मग मी काय करू?"

"सौमित्रला विचार," ती मान वर न करता म्हणाली. "मला विचारायची तुला सवय नाही."