जिथं जास्त वेळ पाण्यात ठेवतात

माझे वडील काकासाहेब, आमचे आबा, धावडा गावचे. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत त्यांना ओळखत नाही असं घर सापडणार नाही, कारण विहिरीत मोटार पडली, पाइप निसटला, बादली गेली की बोलावणं आबांनाच यायचं. माणूस बुडाला तरी आबांनाच. कमरेला दोर बांधून ते उतरायचे, काठावर उभं राहून छाती भरून दम घ्यायचे आणि सरळ तळाला जायचे.

"पाण्याखाली काय दिसतं आबा?" मी लहानपणी विचारायचे.

"काय दिसंल? गाळ हलला की सगळा अंधार. मी तर डोळेच मिटून जातो. सगळं हातानं पाह्यचं."

चार वर्षांपूर्वी आई वारली. तेव्हापासून गावच्या घरात आबा आणि कौसल्याकाकू, दोघंच. काकू म्हणजे माझ्या धर्मराजकाकाची बायको. काका आमच्याच विहिरीत गेला, मी बारा वर्षांची असताना. मोटारीच्या पाइपात गाळ अडकला होता, तो काढायला एकटाच उतरला आणि खालीच अडकला. आबांनीच त्याला वर काढलं. "पहिल्या बुडीतच हाताला लागला, पण तवाच गेल्ता," एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नंतर त्यांची मुलगी लग्न होऊन अंकुशनगरला गेली आणि काकू इथंच राहिल्या. बावीस वर्षं त्या आबांसमोर डोक्यावरचा पदर सरकू देत नव्हत्या, पण वेळेवर चहा, वेळेवर भाकरी, गोळ्यांची आठवण, सगळं त्यांच्याकडेच.

मी, आकांक्षा, अंबडच्या कोर्टात लिपिक आहे. मागच्या वर्षी आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि पंधरा दिवस त्यांना माझ्याकडे ठेवून घेतलं. एका दुपारी मी मोबाइलवर मालवणचा व्हिडिओ बघत होते. आबा शेजारी येऊन बसले. पाण्याखाली पिवळे-निळे मासे फिरत होते, आणि तोंडात नळी धरलेली एक बाई त्यांना हात लावायला बघत होती.

"हे पाण्यातलं हाय?"

"हो. समुद्राच्या तळाचं."

"इतकं साफ?" त्यांनी मोबाइल हातात घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "ती बाई दम कव्हा घेऊन राह्यली?"

"पाठीवर हवेची टाकी असते आबा. नळीतून खालीच श्वास घेतात."

त्यांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला एकदा उजेडात पाण्याचा तळ दाखवायचा. जन्मभर आंधळ्यासारखा पाण्यात गेला. डॉक्टरांना विचारलं, कान, छाती, रक्तदाब तपासून घेतला, त्यांनी लिहून दिलं. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून आम्ही दोघंच जायचं ठरलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला न्हाई पाह्यचं पाणी. तुम्ही जा."

मग कुठं जायचं, हा प्रश्न. मी समजत होते मालवण म्हणजे एकच जागा. चौकशी केली तर तिथल्या तिथं चार निघाल्या. मालवणला किल्ल्याजवळ, तारकर्लीला, खाडीच्या तोंडाशी देवबागला आणि खाली निवतीकडच्या खडकांपाशी. सगळी एकमेकांच्या शेजारी, पण प्रत्येक जण आपलीच जागा चांगली म्हणणार. मी एका कागदावर नंबर लिहिले आणि फोन स्पीकरवर ठेवून एकेकाला लावत गेले. आबा भिंतीला टेकून ऐकत होते.

किल्ल्याजवळचा म्हणाला, मासे भरपूर, पाणी उथळ, वयस्कर माणसाला एकदम सोयीचं.

"किती वेळ ठिवतात खाली?" आबांनी मध्येच विचारलं.

"दहा मिनिटं काका. फोटो, व्हिडिओ सगळं त्यात."

देवबागचा प्रामाणिक निघाला. म्हणाला, खाडीचं पाणी येतं, एखाद्या दिवशी गढूळ असतं. तारकर्लीवाल्यांची वागणूक मला फार आवडली. आधी पोहायच्या टाकीत नीट शिकवतो, मगच समुद्रात नेतो, म्हणाले. त्यांनाही आबांनी तेच विचारलं, आणि उत्तर आलं बारा मिनिटं. शेवटी निवतीकडचा. तिथं होडीनं लांब जावं लागतं, लाटा असल्या तर पोटात ढवळतं, पण पाणी स्वच्छ. आणि माणूस घाबरला नाही तर पंधरा-वीस मिनिटं सहज खाली ठेवतो, म्हणाला.

"हेच," आबा म्हणाले.

"आबा, तारकर्ली बरं पडेल. होडीचा त्रास नाही, मासेही दिसतील."

"मासे दहा मिनिटात बी दिसतेत अन् दोन मिनिटात बी. जिथं जास्त वेळ ठिवतात, तिथं जाऊ."

मला हसू आलं. एवढ्या लांब जायचं तर पुरेपूर बघून घ्यावं, असं त्यांच्या मनात असेल असं मला वाटलं. मी निवतीचं नक्की केलं.

निघायच्या दिवशी काकूंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दोन ठिकाणी एसटी बदलून आम्ही पोचलो. समुद्र दिसताच आबा सरळ पाण्याशी गेले. पाणी हातात घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघाली. शिकवणारा पन्नाशीचा, केस पिकलेला, उन्हानं रापलेला माणूस होता. त्यानं आधी होडीच्या कडेला, छातीभर पाण्यात दोरी धरायला लावून, सराव करून घेतला. तोंडात नळी, नाक बंद, तोंडानंच श्वास. मला लगेच जमलं. आबांना जमेना. पाण्यात डोकं गेलं की ते श्वास कोंडून धरत आणि दगडासारखे निश्चल होत. वर येत, पुन्हा जात, पुन्हा तेच.

"काका, श्वास घ्या! थांबवू नका. खाली हवा आहे," तो सांगत होता.

"सवय न्हाई ना," आबा म्हणाले. "पाण्यात दम घ्यायचा म्हंजी..."

पाचव्या-सहाव्या वेळी त्यांच्या नळीतून बुडबुडे आले. पाण्याच्या आत आबा श्वास घेत होते. त्या माणसानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "चला. माझो हात सोडू नका हां," म्हणाला आणि आम्ही उतरलो.

खाली खरोखरच सगळं दिसत होतं. खडकांच्या कपारी, त्यातून निघणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, वरून येणारा उजेड. मी आबांकडे पाहिलं, त्यांना ते दिसतंय का म्हणून. ते माशांकडे बघतच नव्हते. आपलं मनगट धरलेल्या त्या हाताकडे टक लावून बघत होते. शिकवणारा बोटानं मासे दाखवायचा, आबा मान हलवायचे आणि परत हाताकडे बघायचे.

वर आल्यावर त्यांनी तोंडातली नळी काढून पहिलं विचारलं, "किती वेळ झाला?"

"अठरा मिनिटं काका. एक नंबर!"

"अठरा," आबा म्हणाले आणि होडीच्या फळीवर खाली मान घालून बसले. मला वाटलं दमले. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते.

किनाऱ्यावर आल्यावर एका सुरूच्या झाडाखाली आम्ही बसलो. तिथं त्यांनी मला सांगितलं.

"धर्मा जित्ता व्हता."

मला आधी कळलंच नाही.

"मी पहिल्या बुडीत गेलो ना, तवा जित्ता व्हता. त्याचा पाय पाइप अन् दगडाच्या मधी अडकला व्हता. मी चाचपून राह्यलो, तर त्यानं माझं मनगट धरलं. असं धरलं की सुटंना. मी पाय ओढू लागलो, निघंना. माझा दम संपला, आकांक्षा. अजून थांबलो असतो तर दोघं बी गेलो असतो. मंग मी त्याची बोटं सोडवली. एक एक करून. वर येऊन दम घेतला अन् लगेच गेलो बघ, लगेच. पण मंग त्यानं न्हाई धरलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अठरा मिनिटं," ते म्हणाले. "मला दोन पुरली असती."

"आबा, तुमच्याकडे काय होतं तेव्हा? गावात कुणाकडे होतं?"

"ते बराबर हाय. मला समजतं ते. पण कौसल्याला सांगावं लागंल."

मी खूप समजावलं. इतक्या वर्षांनी त्या बाईला कशाला नवं दुःख द्यायचं, म्हणाले. मी चिडलेसुद्धा. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ती मला रोज ताट वाढती."

धावड्याला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. काकू ओसरीवर मूग निवडत होत्या. आबा पायरीवर बसले, पिशवीही खाली ठेवली नव्हती, आणि सांगायला लागले. मला सांगितलं तसंच, त्याच शब्दांत. काकूंचा हात सुपात तसाच राहिला.

आबांचं सांगून झालं.

"बोटं तुम्ही सोडवली?" काकूंनी विचारलं.

"हो."

"किती जोरात धरलं व्हतं त्यांनी?"

आबा आपल्या मनगटाकडे बघू लागले. काकू उठल्या, त्यांच्यासमोर येऊन बसल्या. पदर खांद्यावर पडला होता, त्यांनी तो सावरला नाही. हात पुढं करून त्यांनी आबांचं मनगट धरलं. बावीस वर्षांत त्यांनी आबांना स्पर्श केलेला मी पाहिला नव्हता.

"एवढं?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"एवढं?"

"अजून."

काकूंच्या हाताच्या शिरा वर आल्या. आबांनी मान हलवली. त्या तशाच धरून बसल्या, डोळे मिटून. मी तिथून आत निघून गेले. मला ते बघवेना.

आठ दिवसांनी काकू अंकुशनगरला मुलीकडे गेल्या. भांडण नाही, बोलणं नाही. जावई कारखान्यावर कामाला आहे, त्याला मोठी खोली मिळाली आहे, एवढंच कारण त्यांनी गावात सांगितलं. मला अधूनमधून फोन करतात. माझं विचारतात, घरचं विचारतात. आबांचं नाव घेत नाहीत. आबा आता स्वतः भाकरी थापतात. मी कितीदा म्हटलं, अंबडला चला, पण ते गाव सोडत नाहीत.

पितृपंधरवड्यात काकाच्या तिथीला काकू आल्या. मीही गेले होते. त्यांनी सगळा स्वयंपाक केला, पान मांडलं, कावळ्याला घास ठेवला. आबा बाहेर उभे होते. काकूंनी त्यांचंही ताट वाढलं आणि माझ्या हातात दिलं, "दे त्यांना" म्हणून. दुपारच्या एसटीनं त्या निघाल्या. आबा त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत मागं मागं चालत आले. गाडी आल्यावर काकूंनी पिशवी घेतली आणि चढल्या.

आमच्या बाजूच्या खिडक्या बऱ्याच रिकाम्या होत्या. काकू पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या.

गाडी गेल्यावर आबांनी मला विचारलं, "पुढच्या साली यील का गं ती?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.