राजकुमारचं अर्थिंग

राजकुमार माझ्याच हाताखाली शिकला, हे मी आजही चारचौघांत सांगतो, पण त्यात पूर्वीची मजा राहिलेली नाही. सहा वर्षांपूर्वी तो पाचोडहून आला तेव्हा त्याला धड टेस्टर धरता येत नव्हता. सोलर पॅनलच्या फ्रेमला आणि खालच्या लोखंडी सांगाड्याला हिरवी तार का जोडायची, ती गच्चीवरून खाली नेऊन जमिनीतल्या तांब्याच्या रॉडला का बांधायची, हे त्याला मीच समजावलं. केबल कुठं सोलली गेली तर अख्खी फ्रेम जिवंत होते. मग तिला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाण्यापेक्षा करंटनं तारेतून मुकाट जमिनीत जावं, एवढीच ती युक्ती. मीटरवरचा आकडा जितका कमी, तितकं अर्थिंग चांगलं. आमच्या शहराखाली सगळा काळा पाषाण, त्यामुळे खड्डा खणता खणता जीव जातो आणि आकडा काही चारच्या खाली येत नाही. माझा येत नाही. राजकुमारचा मात्र नेहमी एकाच्या आत असायचा, आणि मीठ, कोळसा, रॉड, सगळं आम्ही एकाच दुकानातून आणायचो.

मी जळत होतो, आडवळणानं कशाला सांगू. गिऱ्हाइकं फोन करून "राजकुमारलाच पाठवा" म्हणायची. वाळूजच्या एका कारखान्याचं मोठं काम आलं तेव्हा आमचे मालक वहाबभाई मला म्हणाले, "शिवराज, या वेळी राजकुमारला पुढं करू. तू वरून नजर ठेव." वरून नजर ठेवणं म्हणजे काय, हे पंधरा वर्षं राबलेल्या माणसाला न सांगता कळतं.

त्याच आठवड्यात सिडकोत आप्पासाहेब नावाच्या गिऱ्हाइकाच्या बंगल्यावरचं राजकुमारचं काम तपासून सही करायला मला पाठवलं. आप्पासाहेबांच्या पत्नी सारजाबाई पॅनलच्या सांगाड्यावरच ओले कपडे वाळत टाकत होत्या. दहापैकी आठ घरांत हेच चालतं, कितीही सांगा. त्या चहा आणायला खाली गेल्या आणि मी पाना काढून नट फिरवला, हिरव्या तारेचं टोक फ्रेमपासून सोडवलं आणि सांगाड्यामागं सरकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वहाबभाईंना आणायचं आणि त्यांच्यादेखत ते टोक बाहेर ओढायचं, एवढाच बेत होता. एका दिवसात काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

पण वहाबभाई सोयगावला लग्नाला गेले ते तीन दिवस आलेच नाहीत. तार पुन्हा जोडून यावी असं दोनदा मनात आलं, जोडली नाही.

तार सोडवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी वाळूजला माझ्या घरात, स्वयंपाकघराच्या फरशीवर उभा राहून चहा पीत होतो, तेव्हा तळव्यांना मुंग्या आल्या. मुंग्या म्हणायचं, पण मला करंट ओळखू येतो. मी मेन स्विच पाडला, तरी ते थांबलं नाही. सुरेखा, माझी बायको, शेजारीच अनवाणी भाजी चिरत होती. तिला काहीच जाणवत नव्हतं. थोड्या वेळानं ते आपोआप गेलं. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते पोटऱ्यांपर्यंत चढलं.

चौथ्या दिवशी गुडघे झणझणायला लागले तेव्हा मला राहवेना. मी सारजाबाईंना फोन लावला.

"काकू, फ्रेमवर कपडे टाकू नका."

"आरं, आत्ता टाकायलेच. एक हात फ्रेमलाच हाये बघ."

"हाताला काही लागत नाही?"

"नाय बा. गार हाये."

"हात काढा!"

"काढला. का रं, काय झालं व्हय?"

माझे गुडघे त्याच क्षणी शांत झाले. मी फोन ठेवला, मोटरसायकल काढली आणि अर्ध्या तासात सिडको गाठली.

दारात वहाबभाईंची गाडी उभी होती. सकाळीच इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला म्हणून आप्पासाहेबांनी त्यांना बोलावलं होतं. वर गच्चीत राजकुमार फ्रेमला मीटर लावून बसला होता.

"वानरांनी केबल कुरतडली यार," वहाबभाई मला बघताच म्हणाले. "किती दिवस फ्रेम जिवंत होती, कोण जाणे. आणि काकू रोज तिच्यावर कपडे टाकायल्या! राजकुमारचं अर्थिंग होतं म्हणून बाई वाचली."

मीटरवर शून्य पॉइंट चार होते. सांगाड्यामागं हिरव्या तारेचं टोक मी सोडलं तसंच मोकळं लोंबत होतं. खोटं बोलत नाही, त्या वेळी भीतीच्याही आधी मनात आलं ते हेच, की याचंही श्रेय शेवटी यालाच मिळालं.

वहाबभाई नवी केबल आणायला खाली गेले. राजकुमारनं त्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उस्ताद, मघाशी अर्धा तास आकडाच गेला होता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमी गाडीवर होता, नाय? पाय वर."

मी एक पाय फरशीवरून जरासा उचलला. मीटरचा आकडा वाढू लागला. दोनवर गेला, पाचवर गेला. मी पाय खाली टेकवला आणि तो पुन्हा शून्य पॉइंट चारवर येऊन थांबला.

तार जोडायला मी पान्यासाठी हात पुढं केला. राजकुमारनं पाना उचलून आपल्या पिशवीत टाकला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "इतका चांगला आकडा माझा कधी आला नाय."

जिन्यातून सारजाबाई ओल्या चादरींची बादली घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"टाकू का रं?"

"टाका काकू," राजकुमार म्हणाला. "उस्ताद उभे हायेत."