ऑरिनच्या शेवंडी आणि सरकारचे अठराशे

आमच्या बंदरावर खोटं बोलणं पाप नाही. कमी शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडल्या म्हणणं पाप. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर माणूस बायकोला फसवेल, पाद्र्याला फसवेल, पण पिंजरे रिकामे आले असं चारचौघांत कबूल करणार नाही. ऑरिन थॅक्स्टर तर यातला राजा. त्याची शेवंड सांगता सांगता एवढी वाढायची, की ऐकणाऱ्यांना खुर्च्या मागे घ्याव्या लागत. एकदा म्हणे तिने नांगीने दीपगृहाचा दिवा विझवला. मी त्या रात्री हजर होतो. दिवा खरंच विझला होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमचे कराचे कागद भरले जातात एलरी पिंकहॅमच्या धक्क्यावरच्या आमिषाच्या दुकानात, शेगडीभोवती. एलरी मोठ्याने विचारतो, माणूस मोठ्याने सांगतो, बाकीचे फुकटची कॉफी पीत ऐकतात. अशा सभेत ऑरिन खरी कमाई सांगेल? मागच्या साली त्याने छाती फुगवून लाख डॉलर ठोकले. त्यावरचा कर भरायला बापाचं रान विकलं. त्याच्या थापांवर विश्वास ठेवणारं जगात एकच गिऱ्हाईक निघालं: सरकार.

मग कोरोनाची साथ आली. सरकारने मदतीचे चेक वाटले. सगळ्या बंदराला मिळाले, ऑरिनला नाही. लखपतीला कशाला मदत?

या फेब्रुवारीत तो पुन्हा एलरीपुढे बसला. मागे त्याच्या होडीवर पिंजरे ओढणारी व्हर्ना उभी. मास्क हनुवटीखाली, डोळे शेगडीपेक्षा लाल. होडीचं इंजिन बंद पडलं होतं, दुरुस्तीला पैसे नव्हते. ते सुरू झालं नाही तर दोघांचाही हंगाम बुडणार होता.

"न मिळालेले दोन्ही चेक, बाराशे आणि सहाशे, या वेळच्या करातून मागता येतात," एलरी म्हणाला. "फक्त या सालची कमाई पंचाहत्तर हजारांच्या आत हवी. वर गेलास की दर शंभरामागे प्रत्येक चेकातून पाच कापतात. लाखाला पोचलास की भोपळा. बोल, किती?"

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

ऑरिनने घसा खाकरला. "साल वाईट गेलं. लाखाला थोडे कमी."

"थोडे म्हणजे?"

"शंभर-दोनशे."

व्हर्नाने आमिषाची बादली लाथाडली. "अरे मेल्या!" आजवर ती त्याला 'कप्तान, तुम्ही' म्हणायची. "माझा चेक मी तुझ्या इंजिनात घातला! लाख मिळाले ना? मग काढ माझा पाचवा हिस्सा, आत्ता, या टेबलावर! मला आठच हजार दिलेस तू!"

शेगडीजवळ कोणीतरी खिदळलं.

"हसू नका!" ती गरजली. "तुम्ही माना डोलावता म्हणून हा फुगतो. थापा तुमच्या करमणुकीला, आणि उपास माझ्या पोरांना!"

ऑरिन काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," व्हर्ना म्हणाली.

"चाळीस हजार! झालं समाधान, गिधाडांनो?"

आणि कोणाचाही विश्वास बसला नाही.

"वा रे वा," म्हातारा टोबायस म्हणाला, "सरकारी पैसा दिसला की समुद्र आटला!"

एलरीने पेन खाली ठेवलं. "लेका, कागदावर सही माझीही असते. खोटं मी नाही लिहिणार."

"आयुष्यात एकदा खरं बोललो तर ही तऱ्हा!" ऑरिन किंचाळला. "व्हर्ना, सांग ना यांना!"

"खरं बोलतोय," व्हर्ना म्हणाली. "पिंजरे मी ओढलेत. अर्धे रिकामे यायचे."

"अर्धे?" ऑरिनने टेबलावर मूठ आपटली. "तिसरा हिस्सा! फार तर तिसरा हिस्सा!"

"अर्धे. चाळीस लिही, एलरी. आणि तू गप सही कर, नाहीतर एकेका पिंजऱ्याचा हिशेब इथे वाचून दाखवते."

ऑरिनने सही केली. संतापाने इतकी जोरात, की पेन कागदातून, टेबलातून आणि खालच्या फळीतून आरपार समुद्रात गेलं. एलरीला दुसरा कागद काढावा लागला, आणि ऑरिनला तो आकडा पुन्हा एकदा, मोठ्याने, सांगावा लागला.