सिरेलीला फोन

वादळ बेटांच्या तोंडाशी आलं होतं आणि सुवा शहराच्या मदत केंद्रात तिसरा सर्व्हर हट्टाला पेटला होता. तिन्ही सर्व्हरनी मिळून माहितीचा एकच साठा सांभाळायचा होता. तिसरा जोडला गेल्याशिवाय वादळाचा नकाशा उघडणार नव्हता.

केंद्रप्रमुख लितियाने केबल बदलली, फायरवॉल तपासली. सर्व्हर हाकेला ओ द्यायचा, पण जोडायला गेलं की नकार.

"सिरेली, काय करून ठेवलंयस हे?" ती आपल्या तंत्रज्ञावर खेकसली.

"ताई, घाई होती, म्हणून दुसऱ्या सर्व्हरचीच डिस्क जशीच्या तशी ह्यात उतरवली."

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "सिरेली, फोन!" तो धावत गेला आणि लगेच परतला.

"माझा नव्हता. कुणी म्हातारी होती, ड्रायव्हर सिरेलीला शोधत होती. ठेवून दिला."

केंद्राच्या ड्रायव्हरचं नावही सिरेलीच, त्यामुळे हे रोजचंच होतं. लितिया मात्र थबकली.

"अरे गाढवा, डिस्कबरोबर दुसऱ्या सर्व्हरचा ओळख क्रमांकही उतरला! पहिला सर्व्हर ह्याला दुसराच समजतोय."

तिने तिसऱ्याचा क्रमांक पुसून नवा दिला. तो मुकाट्याने जोडला गेला आणि नकाशा उघडला. वादळ एका चिमुकल्या बेटावर येऊन बसलं होतं.

"इथे कोण राहतं?"

सिरेलीचा चेहरा उतरला. "ड्रायव्हर सिरेलीची आई."

लितियाने बाहेर धाव घेऊन फोन उचलला आणि आलेला नंबर फिरवला. पलीकडे घंटासुद्धा वाजेना.

दारात गाडीच्या चाव्या खुळखुळल्या.

"ताई, मला फोन आला होता म्हणे?"