समुद्रातली टाचणी

बोलतोय तो रेडिओ नव्हे. त्याच्या डोक्यावर टांगलेला मी, रेडिओ स्टेशनांचा नकाशा. बोलायचा मक्ता जन्मभर त्याच्याकडे होता. तो कधीच भंगारात गेला, आता जरा माझं ऐका.

रेडिओ नवलाईचा होता तेव्हा त्याच्या खोक्यात घडी घालून मला फुकट देत. जिथे स्टेशन, तिथे माझ्या अंगावर एक लाल मनोरा. आमचे मालक तारऑफिसातले, म्हणून सगळ्यांचे तारमास्तर. त्यांनी मला भिंतीवर ठोकलं आणि नियम काढला: स्टेशनचं नाव कानांनी ऐकलं, तरच तिथे टाचणी टोचायची.

नियम कसला, कपाळ! संध्याकाळी शेजारचे शिंपीदादा यायचे. रेडिओच्या खरखरीत कुणी नुसतं खाकरलं तरी "लागलं, लागलं!" म्हणून दोघे नाचायचे, की टोच टाचणी. एकदा तर स्वयंपाकघरातल्या किटलीची शिट्टी ऐकून त्यांनी मला पार उत्तर टोकाला भोक पाडलं. माझ्या अंगाची चाळण झाली.

आणि जिने खरंच ऐकलं तिचं काय? मास्तरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. एका दुपारी मास्तर ऑफिसात असताना वहिनींनी रेडिओ लावला, बटण केसभर फिरवलं, आणि माझ्या खालच्या कोपऱ्यातलं बेट बोलायला लागलं. निवेदिकेने स्टेशनचं नाव दोनदा घेतलं. वहिनी हात पुसत माझ्याकडे धावल्या, बोटाने बेट शोधलं आणि खुदकन हसल्या. टाचणी मात्र त्यांना मास्तरांच्याच हातून टोचून हवी होती.

"अगं, दुपारी इतक्या लांबचं लागतच नाही," संध्याकाळी घरी आल्यावर मास्तर म्हणाले. "भास झाला असेल तुला."

"अहो, दोनदा नाव घेतलं तिने!"

"साक्षीला कोण होतं?"

मी होतो की! हातभर अंतरावर! पण कागदाला तोंड कुठलं? असा संताप आला, की खिळ्यासकट खाली पडावं. वहिनी पुन्हा त्या बेटाबद्दल बोलल्या नाहीत. मला पुसताना फडकं मात्र त्या कोपऱ्यात रेंगाळायचं, आणि माझा जीव तुटायचा.

वर्षं गेली. शिंपीदादा गेले, मास्तरांना कमी ऐकू यायला लागलं. परवा फ्रेम करायला द्यायचं म्हणून त्यांच्या मुलीने माझ्या सगळ्या टाचण्या काढल्या. भोकं बघून मास्तर खूश. "एकही स्टेशन सोडलं नाही मी!"

"एक सोडलंत," वहिनी म्हणाल्या, आणि बेटावर बोट ठेवलं.

मास्तर चष्मा लावून बेटावर वाकले. मग डबीतून टाचणी घेतली. "काय गं नाव घेतलं होतं तिने?"

वहिनींनी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. दोनदा.

मास्तरांनी टाचणी टोचली, पण नेम चुकला आणि ती समुद्रात घुसली. इथेही धड नाही!

"बुडवलंत माझं स्टेशन," वहिनी म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी ती टाचणी उपटली आणि बेटावर रोवली.

आता मी फ्रेमवाल्याच्या टेबलावर पडलोय. हा भोकं बुजवायला खळ कालवतोय. बाबा रे, ते किटलीचं भोक आधी बुजव, बाकीचीही खुशाल बुजव, निम्मी खोटीच आहेत. खालच्या कोपऱ्यातली दोन तेवढी राहू दे. बेटावरचं वहिनींचं आहे. समुद्रातलं मास्तरांचं आहे. तेवढं कबूल करायला त्यांना सगळा जन्म लागला.