काइंड या शब्दाच्या चिठ्ठ्या

एनिड टकवेल तेवीस वर्षं इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला होती आणि गेल्या फेब्रुवारीपासून 'काइंड' या एका शब्दाशी झटत होती. जवळच्या अर्थाच्या शब्दांमधला फरक लिहून काढायचा, हे तिचं काम. 'नाइस' हा गावभर हिंडून झिजलेला शब्द, त्याला ती खिजगणतीत धरत नसे. 'जेंटल' माणूस कुणाला दुखवत नाही. 'कन्सिडरेट' माणूस आपल्यामुळे दुसऱ्याची गैरसोय होऊ देत नाही. 'काइंड' माणूस मात्र कुणी न सांगता, न मागता, आपली वाट सोडून दुसऱ्यासाठी काहीतरी करतो. हे ती मनचं लिहीत नव्हती. शब्द कुणी कुठे कसा वापरला याच्या चिठ्ठ्या असत, आणि तीन वेगवेगळ्या हातांच्या चिठ्ठ्या मिळाल्याशिवाय त्या कचेरीत कुठलाच अर्थ मान्य होत नसे. कुणी नुसतं 'मला वाटतं' म्हणालं, की संपादक ऑर्मरॉडसाहेब चष्म्यावरून बघत विचारायचे, "चिठ्ठी कुठंय?"

तिचा नवरा विल्फ जेरिको नावाच्या वस्तीत घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचायचा. शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली. बायकोचा अभिमान एवढा, की पबमध्ये कुणाचा शब्दावरून वाद झाला की तो म्हणायचा, "थांबा, आमच्या एनिडला विचारून येतो." आणि खरंच ग्लास तसाच ठेवून घरी यायचा. शब्दांच्या बाबतीत एनिड म्हणेल ती पूर्व दिशा.

आता त्याचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता. फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी एनिडला बाहेर बोलावून एक आठवडा सांगितला, आणि विल्फने तो तिच्या तोंडाकडे बघून ओळखला.

रविवारी दुपारी ती त्याच्या पायाशी चिठ्ठ्या मांडून बसली होती.

"कुठल्या शब्दावर आहेस?" त्याने विचारलं.

"अजून काइंडच."

"मी आहे का गं तसा?"

दुसरी कुठलीही बाई 'हो' म्हणून मोकळी झाली असती. एनिडने पेन्सिल खाली ठेवून विचार केला.

"तू कन्सिडरेट आहेस," ती म्हणाली. "पहाटे निघताना बूट हातात घेऊन जिना उतरायचास, माझी झोप मोडू नये म्हणून. सांगितलेलं काम कधी टाळलं नाहीस. पण काइंड म्हणजे कुणी न सांगता, न मागता करणारा. तो थोडा वेगळा शब्द आहे, विल्फ."

"असेल," तो म्हणाला. "तुला कळतं त्यातलं."

ती पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळली. शब्दांशी इमान राखणाऱ्या माणसांची ही खोडच असते. समोरचं माणूस मरतंय हे ठाऊक असतं, तरी ती बरोबर उत्तर देतात.

मंगळवारी ती पाव आणि दूध घेऊन परतली, तर पलंग रिकामा. विल्फ स्वयंपाकघरात कपाटाला टेकून जमिनीवर बसला होता, ओठ निळे पडले होते. गॅसवर किटली शिटी मारत होती आणि टेबलावर तिचा कप बशीसकट मांडून ठेवला होता.

"तुला कुणी सांगितलं होतं उठायला?" ती ओरडलीच.

"कुणीच नाही." त्याला श्वास पुरत नव्हता, तरी चेहरा खुललेला होता. "कुणी सांगितलं नव्हतं, एनिड. चहा कुणी मागितलाही नव्हता."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तिला उमगलं. हा माणूस दोन दिवस तिची व्याख्या गिरवत पडला होता, आणि आता तो पास झाला की नाही ते विचारत होता.

"तू काइंड आहेस," ती त्याच्याजवळ बसून म्हणाली. "पहिल्यापासून आहेस. मीच चुकले."

"नको." त्याने तिचा हात थोपटला. "कुणाला बरं वाटावं म्हणून तू कधी शब्द वाकवला नाहीस. आता माझ्यासाठी नको वाकवूस." मग भुवई उंचावून तो ऑर्मरॉडसाहेबांच्या आवाजात म्हणाला, "चिठ्ठी कुठंय?"

बुधवारी सकाळी शेजारणीला त्याच्याजवळ बसवून एनिड कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडली. विल्फ ज्या गल्ल्यांतून मीटर वाचायचा, त्याच गल्ल्यांतली दारं ती वाजवत सुटली. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून असलं काही विचारायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"माझ्या नवऱ्याने तुमच्यासाठी कधी न सांगता काही केलंय का?"

"म्हणजे? तुम्हाला बोलले नाहीत ते?" पहिल्याच दारात गॅन्ट्री म्हातारा म्हणाला.

दुपारपर्यंत सात चिठ्ठ्या झाल्या. नाव, तारीख, म्हणणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. त्यातलं एकही तिला ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं एका छपराखाली काढली आणि पुरावा गल्लीत शोधावा लागला, याची तिला इतकी लाज वाटली की कालव्याच्या पुलावर ती थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

विल्फ जागा होता. तिने खुर्ची जवळ ओढली आणि वाचायला सुरुवात केली.

"गॅन्ट्री. चार हिवाळे कोळशाची बादली वर नेऊन दिली."

"बादली मीटरसमोरच असायची. ती हलवायलाच लागायची," विल्फ डोळे मिटून म्हणाला. "बाद."

"मिस लव्हिक. तुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावून दिला."

"ती कण्हत होती. कण्हणं म्हणजे मागणंच. बाद."

"इतका कीस काढायला कुठे शिकलास रे?"

"तुझ्याकडे." तो हसला, मग त्याचा खोकला बराच वेळ थांबला नाही. तिने त्याला पाणी पाजलं. सहा चिठ्ठ्या त्याने अशाच उडवून लावल्या, आवाज दरवेळी थोडा खाली जात होता.

सातवी शीझबीबाईंची होती. एनिडने ती सावकाश वाचली.

"'मला दिसत नाही. कॅनडाहून मुलाचं पत्र आलं की टकवेल वाचून दाखवायचे. पुढे मुलाने लिहायचं सोडलं, तरी दर तीन महिन्यांनी ते पत्र वाचतच राहिले. हातात गॅसचं बिल असायचं, कागदाच्या आवाजावरून कळायचं. त्या पत्रांत माझ्या गुडघ्यांची चौकशी असायची, आणि माझ्या मुलाने जन्मात कधी ती केली नव्हती. मी कधी बोलले नाही. ते बंद झालं असतं, तर मला सोसलं नसतं.'"

वाचून झाल्यावर ती त्याच्या हरकतीची वाट बघत थांबली.

"बघ," ती म्हणाली, "याला उत्तर नाही ना तुझ्याकडे?"

मग तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. विल्फ गेला होता. ती वाचत असताना तो कितव्या ओळीपर्यंत होता, हे तिला कधीच कळलं नाही.