पेंढी कोणाच्या हाती

साल १९६३. त्या वर्षी कापणीच्या उपासनेत गव्हाची पेंढी आपल्याच हातात येणार, हे थोरल्या जावेने मनातल्या मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत तशी रीत होती. कापणीच्या रविवारी नव्याने बाप्तिस्मा घेणारे वेदीपाशी जायचे आणि ज्याने त्यांना प्रभूची वाट दाखवली, तो पेंढी घेऊन शेजारून चालायचा. माणसं म्हणजे प्रभूच्या शेतातलं पीक आणि आपण त्याचे कापणारे, असं पाळक दरवर्षी सांगत. बाकांवरचे लोक मात्र माना उंचावून पेंढी कोणाच्या हातात आहे, तेवढंच बघत.

थोरली चार वर्षं दर बुधवारी इस्त्रीवालीच्या दुकानात जात होती. वाफेने जीव नकोसा व्हायचा, तरी स्टुलावर बसून ती शास्त्रातले दाखले वाचून दाखवायची. इस्त्रीवाली कपड्यांवर पाणी शिंपडत नुसतं ‘हं, हं’ करायची. गाडी त्यापुढे सरकतच नव्हती. मग धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली. तिला धड एक वचन पाठ नाही. एकदा चादरी टाकायला म्हणून गेली, ती चादरीचं दुसरं टोक धरून उभीच राहिली. घड्या घालता घालता दोघी हसत सुटल्या. मग ती रोजच जायला लागली. वर्ष संपायच्या आत इस्त्रीवालीने पाळकांना सांगितलं, “मला बाप्तिस्मा घ्यायचाय. धाकट्या बाईंबरोबर येईन.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

शिकवणारीचा शब्द घेतल्याशिवाय पाळक कोणाला पुढे बोलवत नसत. त्यांनी विचारलं, “काय हो बाई, पीक तयार आहे ना?”

“छे! ओंबी अजून हिरवी आहे,” थोरली म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

पाळकांनी मान डोलावली. त्यांचा तिच्यावर पूर्ण भरवसा होता.

संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली. “ताई, ती रडली हो. तुम्हीच चला ना तिच्याबरोबर. सगळ्यांसमोर जायचं म्हटलं की माझे पाय लटपटतात. पेंढी तुम्ही घ्या.”

“उपकार करतेस होय माझ्यावर?”

“अहो, उपकार कसले! शिकवलं तुम्ही. मी आपल्या चादरी धरल्या.”

ती हे मनापासून म्हणाली, आणि तेच थोरलीला जास्त झोंबलं. तिने कांगावा केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. पण पेंढीचा मोह काही सुटेना. दुसऱ्या दिवशी थोरलीने पाळकांना गाठलं. “मी पुन्हा पारखलं. तयार आहे ती.” आणि तशीच दुकानात गेली.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. “काल हिरवी होते ना मी? एका रात्रीत पिकले?” तिला हसू आवरेना. मग ते ओसरलं. “बाई, तुम्ही वाचायचात ते सगळं मी ऐकत होते बरं का. ऐकत होते म्हणून तर ‘हं’ म्हणायचे. पण तुमचं लक्ष सारखं पेंढीकडे. मला कोणी कापून न्यायला नको. पाय आहेत मला, मी येईन चालत.”

“मंडळीत तशी रीत नाही!”

“मग रीत बसेल माझ्याकडे बघत.”

रविवारी ती एकटीच वेदीपाशी गेली, रिकाम्या हातांनी. पाळक गडबडले, पण त्यांनी बाप्तिस्मा दिला. परत येताना ती पुढच्या बाकाकडे बघून हसली. थोरलीनेही घाईघाईने हसून मान हलवली. मग तिच्या ध्यानात आलं, ते हसू शेजारी बसलेल्या धाकटीसाठी होतं.

पुढे पाळकांची बदली झाली आणि नव्या पाळकांनी पेंढीची रीत बंद केली. इस्त्रीवाली दुकान विकून दुसऱ्या शहरात लेकीकडे राहायला गेली. थोरलीने नंतर कितीतरी जणींना शिकवलं, मंडळीत तिचा शब्द शेवटपर्यंत चालला. धाकटी मात्र पन्नाशीतच अंथरुणाला खिळली. ते कळल्यावर इस्त्रीवाली पिशवी घेऊन आली आणि धाकटी जाईपर्यंत तिच्या उशाशी राहिली. आली त्या दिवशी दार थोरलीने उघडलं होतं.

“बऱ्या आहात ना, बाई?” असं विचारून, उत्तरासाठी न थांबता ती सरळ आतल्या खोलीत गेली. दाराची कडी धरून उभ्या असलेल्या थोरलीचे केस तोवर पांढरे झाले होते, पण पोटात दुखायचं ते तसंच दुखलं.